मागच्या वॉलला पाणी

चांगल्या प्लंबरचा नंबर लोक सहजासहजी कुणाला देत नाहीत. शिंपी सांगतील, डॉक्टर सांगतील, अगदी स्वतःचं वजन किती तेही सांगतील, पण प्लंबरचं विचारलं की, "आहेत एक जण, नंबर सापडला तर बघते हं," म्हणून विषय बदलतील. कारण उघड आहे. चांगला प्लंबर सगळ्या वस्तीत एखादाच, आणि त्यालाही हात दोनच. आपण त्याचा नंबर वाटत सुटलो, तर आपल्याकडे कारंजं उडेल तेव्हा तो नेमका दुसऱ्याच्या मोरीत पालथा पडलेला असायचा.

एका वस्तीत असा जपून ठेवलेला नंबर होता कोरड्यांचा. कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. काम संपलं की ते पिशवीतून स्वतःचं फडकं काढत आणि फरशी कोपऱ्यांसकट खडखडीत कोरडी करून मगच उठत, म्हणून कोरडे. लोक आणखी एक कारण सांगत. माणूस बोलायलाही कोरडा. "काय हो, आज उशिरापर्यंत काम दिसतंय?" असं कुणी विचारावं, तर हे आपले नळाकडे बघतायत. "चहा घेणार का?" म्हणावं, तर पान्हा फिरवतायत. "घमेंड हो, दुसरं काय! हातात कला आली की जीभ जड होते," असं लोक म्हणत, आणि तरी बोलावत त्यांनाच.

बोलावायचं म्हणजे फोन करायचा प्लंबरकाकूंना.

प्लंबरकाकू म्हणजे कोरड्यांच्या बायको. त्यांना वस्तीत फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा आवाज ओळखत नाही असं घर शोधून सापडलं नसतं. फोन लावला की दुसऱ्या घंटेला पलीकडून, "हं, बोला!" आणि मग जी उलटतपासणी सुरू होई, ती वकिलांनी येऊन शिकावी. थेंब पडतायत की धार लागलीय? पाणी गार की गरम? वरच्यांनी नळ सोडला की वाढतं का? आवाज टकटक येतो की घरघर? तुमचा नळ फिरवायचा की वर उचलायचा?

"अहो काकू, मला काय माहीत! मी काय नळाशी गप्पा मारते का?" असं एखादी वैतागली, तर काकू शांतपणे म्हणत, "मग जा, बघून या. मी धरते फोन. नाहीतर हे येतील, बघतील, सामान आणायला परत जातील, तोवर दुकान बंद. काम गेलं उद्यावर. चालेल?"

कशाला चालतंय! बाई मुकाट्यानं जाऊन बघून येत.

मग काकू ते सगळं एका जाड वहीत लिहीत. नावांच्या भानगडीत त्या पडत नसत. 'निळं फाटक, प्राध्यापक: गीझरखाली थेंब, गरम.' 'जुळ्यांची आई: बेसिन तुंबलं, आत बहुतेक खेळणं.' वहीवरून चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवरून सामान, आणि सामान घेऊन कोरडे बाहेर. साडेदहा सांगितले की साडेदहा. नळाला कुठला वायसर लागणार ते लोकांना घरात वीस वर्षं राहून माहीत नसे, आणि ह्यांच्या पिशवीत तो नेमका तयार. लोक थक्क व्हायचे. "नळाकडे न बघता ओळखतात हो!" कसलं डोंबलाचं ओळखतात! सगळी करामत वहीची. हार्डवेअरच्या दुकानदाराला तेवढं ठाऊक होतं. तो काकूंना 'हेड ऑफिस' म्हणायचा, आणि काकूंना ते मनातून भारी आवडायचं.

गंमत अशी की ह्यातलं एकही घर काकूंनी आतून पाहिलेलं नव्हतं. दोनशे घरांच्या मोऱ्या तोंडपाठ. कुणाच्या सिंकखाली वाकायला जागा नाही, कुणाची टाकी आवाज करते, कुणाच्या बाथरूमचं दार अर्धंच उघडतं, सगळं डोळ्यांसमोर. पाहिलेलं मात्र काही नाही. सगळं कानांनी घेतलेलं.

ही व्यवस्था अशी का आहे, ते हेड ऑफिसनं कुणालाही, अगदी दुकानदारालासुद्धा, सांगितलं नव्हतं. कोरड्यांना ऐकू येत नव्हतं.

लोखंडी पाइप कापण्यात, भिंती फोडण्यात, बंद खोल्यांमधून ड्रिल चालवण्यात सगळी उमर गेली. डावा कान पार गेला त्याला दहा वर्षं झाली होती, उजवा अर्धामुर्धा. कुणी समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून कळायचं. पाठमोरे असले की कुणी कितीही बोला, सगळं वाया. फोनमधून तर त्यांना म्हणे नुसती टाकी भरल्यासारखं ऐकू येई. लग्न होऊन दूर गेलेली लेक माहेरी आली की दर वेळी सांगायची, "बाबा, कानाचं मशीन घ्या." ह्यांचं उत्तर ठरलेलं. "कानात मशीन घातलेल्या प्लंबरला कोण बोलावील? लोकांना वाटतं, गळती कानानं शोधतात."

"मग कशानं शोधतात?"

"हातानं."

आणि ते खरंच हातानं शोधत. तळवा भिंतीला लावायचे, डोळे मिटायचे, इंच इंच सरकवायचे, आणि एका जागी थांबायचे. तिथे फोडलं की पाणी. पण हे लोकांना कुठे समजावत बसणार! नवराबायकोचं न बोलता ठरलं होतं. घमेंडखोर म्हणू देत, बहिरा म्हणायला नको.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका.

प्लंबर लोकांच्या तोंडी पाणी बंद करायच्या चावीला 'वॉल' म्हणतात. मेन वॉल, गेट वॉल, टाकीचा वॉल. काकू लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून हाच शब्द ऐकत आल्या. त्यांच्या घरात वॉल म्हणजे चावी आणि भिंत म्हणजे भिंत. शिकल्यासवरल्या माणसांच्या घरात भिंतीलाही कधीकधी वॉल म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एके दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काकू, आमच्या दवाखान्यात मागच्या वॉलला पाणी येतंय हो."

"थेंब की धार?"

"छे छे, तेवढं नाही. नुसती ओल. हात लावला की हाताला लागते."

"रंगबिंग गेलाय?"

"हो ना! सुटायला लागलाय. खालच्या बाजूनं जास्त."

"आधी कुणी काही काम केलंय तिथे?"

"कुणी नाही. इमारत बांधली तेव्हापासून आहे तशीच आहे."

झालं! प्रश्न नेहमीचे, उत्तरं नेमकी. जुना वॉल, लाल रंग उडालेला, खालून पाझरणारा. काकूंना तो जसा काही समोर दिसत होता. त्यांनी लिहिलं, 'दातांच्या डॉक्टरीणबाई: मागच्या वॉलला पाणी. ओल. रंग सुटलाय. सव्वा एक.' सव्वा एक अशासाठी की एक ते तीन दवाखाना बंद असे आणि पेशंटची गर्दी नसे.

कोरडे सव्वा एकला हजर. डॉक्टरीणबाई जेवायला घरी गेलेल्या. रिसेप्शनवरच्या बाईंनी डबा उघडला होता. त्यांनी घास तोंडात ठेवूनच हातानं 'मागे' अशी खूण केली. मागे, इमारतीच्या बोळकंडीत, खरोखरच एक जुना वॉल होता. लाल रंगाचे पोपडे निघालेले, बुडाशी जराशी ओल. जुन्या वॉलला असतेच ती. कोरड्यांनी तो काढला, नवा बसवला, खालची जमीन पुसली, आत डोकावून "झालं" म्हणाले आणि गेले.

डॉक्टरीणबाई तीनला आल्या. "प्लंबर येऊन गेले. झालं म्हणाले," रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या. भिंत तर ओलीच होती. पण भिंत वाळायला वेळ लागतो, हे वाक्य जगात कुणीही कुणालाही छातीठोकपणे सांगू शकतो. रिसेप्शनच्या बाईंनी सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या आईनं फोनवरून सांगितलं. मग काय, तीन आठवडे सगळ्यांनी मिळून भिंत वाळायची वाट पाहिली. आत पाणी मुरतच होतं.

आणि एका सोमवारी सकाळी भिंतीचा हा एवढा गिलावा फळीसकट खाली आला. फळीवर पेशंटच्या दातांचे पांढरे साचे मांडून ठेवलेले, साठएक तरी असतील. फरशीभर दातच दात. खुर्चीवर तेव्हा कुणी नव्हतं, हे नशीबच म्हणायचं.

पाचव्या मिनिटाला काकूंचा फोन वाजला.

"काकू, तुमचे हे वॉल दुरुस्त करून गेले ना? पडली ती! आत्ता पडली!"

"पडला?" काकू चक्रावल्या. "वॉल कसा पडेल हो? पितळी असतो तो."

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला.

"पितळी? अहो, वॉल! भिंत, काकू, भिंत! भिंत पडली माझी!"

"येतात हं हे, लगेच पाठवते," एवढं कसंबसं बोलून काकूंनी फोन ठेवला आणि वही काढली. स्वतःचंच अक्षर पुन्हा पुन्हा वाचलं. मग त्यांना त्या दिवशीचं बोलणं शब्दन् शब्द आठवायला लागलं, आणि आठवता आठवता त्या एका जागी अडकल्या. 'आहे तशीच आहे.' तशीच! पाण्याचा वॉल असता तर बाई 'तसाच' म्हणाल्या असत्या. तो वॉल. तसाच. ज्या कानांनी दोनशे घरांचे नळ ओळखले, त्या कानांना एवढा साधा फरक कळू नये? काकूंनी खरोखर कपाळावर हात मारून घेतला.

कोरडे तासाभरात घरी आले. काकू त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि ओठ नीट दिसतील असं, सावकाश, सगळं सांगितलं. कोरड्यांनी वही मागितली. ती ओळ वाचली. वही मिटली, पिशवी उचलली.

"जाऊन येतो," म्हणाले, आणि गेले.

दुपारी परत आले तेव्हा, "भिंत उघडावी लागेल. खोली रिकामी करायला त्यांना दोन दिवस हवेत. बुधवारी करतो," एवढंच बोलले. पुढे एक अक्षर नाही. काकू वाट बघत राहिल्या. रागवावं, ओरडावं, निदान 'काय हे, लक्ष कुठे होतं तुझं?' असं तरी म्हणावं! घरात भांडण झालं तर ते संपतं तरी. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं?

मंगळवारी सकाळी त्यांनी फोन उचलला आणि कोरड्यांच्या पिशवीवर नेऊन ठेवला.

"हा तुम्हीच ठेवा. मी नाही घेणार आता. माझ्यापायी तुमचं नाव गेलं."

कोरडे त्यांच्याकडे बघत राहिले. "अगं, पण," असं काहीतरी सुरू केलं, मग थांबले. आणि म्हणाले, "बरं."

बरं! इतक्या वर्षांचा संसार आणि वर 'बरं'! ते गेल्यावर काकू स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटत बसल्या.

मंगळवारी दिवसभर कोरड्यांनी स्वतः फोन घेतले. घेतले म्हणजे काय, पडद्यावरचं नाव वाचलं आणि कानाला लावून "हो, हो, येतो," म्हटलं. एकानं सांगितलं होतं, आज येऊ नका, आम्ही गावाला चाललोय. हे "हो, येतो," म्हणून त्याच्या कुलपासमोर अर्धा तास उभे. जुळ्यांच्या आईनं बेसिनचं सांगितलं, हे गीझरचं सामान घेऊन दारात. त्या बाईंकडे गीझर नाहीच मुळी.

काकूंना हे कळलं दुकानदाराकडून. त्या संध्याकाळी बल्ब आणायला गेल्या होत्या.

"काय हेड ऑफिस, बंद का?" दुकानदारानं विचारलं. "कोरडे आज चारदा आले. चारही वेळा सामान परत करायला. लोक म्हणतायत, गेले कामातून, म्हातारे झाले. सकाळी तर एक जण माझ्याकडे दुसऱ्या प्लंबरचा नंबर मागत होता."

काकू बल्ब घेऊन निघाल्या. आठवडाभर असंच चाललं तर तीस वर्षांत कमावलेलं मातीला मिळेल, हे त्यांना लख्ख कळत होतं. फोन हातात घेणं एवढंच करायचं होतं. पण घरात फोन वाजला, हात पुढे गेला, की 'आहे तशीच आहे' कानात वाजायचं आणि हात मागे यायचा. परत कुणाची भिंत पाडायची? आणि ह्यांना तरी आपण त्या फोनवर हव्या आहोत का? विचारायला तोंड उघडवत नव्हतं. उत्तर 'बरं'सारखं आलं तर?

बुधवारी कोरडे छिन्नी-हातोडा, सिमेंट घेऊन दवाखान्यात गेले. अकराच्या सुमाराला काकूंनी चप्पल घातली. त्यांनी ठरवलं होतं. आपण जायचं, डॉक्टरीणबाईंसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, चूक माझी होती, ह्यांचं नाव खराब करू नका. पुढचं पुढे.

गिऱ्हाइकाच्या दारात काकू पहिल्यांदाच गेल्या. पायऱ्या सहा, उजवीकडे काचेचं दार, आत शिरल्यावर डावीकडे वॉश बेसिन. सगळं जिथल्या तिथे. तीन वर्षांपूर्वी ह्याच बेसिनच्या खालच्या एल्बोसाठी, म्हणजे पाइपाच्या वाकड्या जोडासाठी, त्यांनी फोनवरून रिसेप्शनच्या बाईंना दोनदा वाकायला लावलं होतं.

"डॉक्टर आहेत का?" काकूंनी विचारलं.

रिसेप्शनच्या बाईंनी चटकन मान वर केली. "अगंबाई, प्लंबरकाकू! आवाजावरून ओळखलं. मला वाटलं, तुम्ही चांगल्या उंचनिंच असाल."

"असते तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. "आत जाऊ?"

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. खुर्चीवर प्लॅस्टिक अंथरलेलं, फळ्या एका कोपऱ्यात उभ्या केलेल्या. मागची भिंत एका सरळ पट्टीत फूटभरच उघडली होती, जास्त नाही. वरच्या वकिलांच्या बेसिनचा पाइप आत चिरला होता, तो बदलून झाला होता, सिमेंटही भरून झालं होतं. कोरडे दाराकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले होते आणि फरशी पुसता पुसता मान वर करून बघत होते. डॉक्टरीणबाई त्यांच्या समोर, भिंतीशी उभ्या.

"मी बघत होते मघाशी," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "नुसता हात लावलात आणि बरोबर तिथेच फोडलंत. बाकी कुणी असता तर सगळी भिंत पाडली असती. मी ह्या अख्ख्या इमारतीला तुमचं नाव सांगणार आहे, वीस ऑफिसं आहेत. पण एक अट. ह्यापुढे आम्ही बोलणार ते थेट तुमच्याशी. मधे काकू नकोत. तुम्ही चिठ्ठीत होतं ते केलंत. चुकलं त्यांचं."

काकू उंबऱ्यातच थांबल्या. खरं म्हणजे हेच सांगायला त्या आल्या होत्या. पण आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि इतकं लागलं, की डोळे भरून आले. परत फिरावं का, असं त्यांच्या मनात आलं.

कोरड्यांनी फडकं पिळलं, घडी केली आणि ते उठून उभे राहिले.

"डॉक्टरीणबाई, मला ऐकू येत नाही."

"बरं, जरा मोठ्यानं बोलते. मी म्हटलं की,"

"तसं नाही. तुम्ही बोललात ते कळलं मला. तुमचं तोंड समोर दिसतंय म्हणून. पाठ केलीत तर संपलं. डावा कान बंद, उजवा असून नसल्यासारखा. फोनवर तर काहीच नाही." ते एवढं बोलून थांबतील असं कुणालाही वाटलं असतं. थांबले नाहीत. "चूक तिची नाही. तो वॉल बघितला तेव्हाच मला कळायला हवं होतं, एवढ्याशा ओलीसाठी कुणी माणूस बोलावत नाही. आत येऊन विचारायला हवं होतं. मी विचारत नाही. कुणालाच कधी काही विचारत नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं."

डॉक्टरीणबाईंची नजर कोरड्यांच्या खांद्यावरून दाराकडे गेली. कोरड्यांना त्याचा पत्ताच नाही.

"लोक म्हणतात, कोरडे हुशार, कोरडे वेळेवर येतात, बरोबर सामान आणतात. हुशार ती आहे. विचारते ती, ओळखते ती, लिहिते ती. मी चिठ्ठी वाचतो आणि पान्हा फिरवतो. काल एक दिवस ती नव्हती फोनवर, तर मी ज्यांच्याकडे गीझर नाही त्यांच्याकडे गीझर उघडायला गेलो. त्यामुळे तुमची अट मला जमायची नाही. तिच्याशी बोलायचं नसेल, तर माझ्याशीही नको. दुसरा चांगला माणूस आहे, नंबर देतो."

"अहो," दारातून काकू म्हणाल्या.

कोरडे पिशवीत हत्यारं भरायला वाकले.

"अहो!" काकू पुन्हा म्हणाल्या, आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं, रडूही आलं. पदरानं डोळे पुसत त्या खोलीत आल्या, नवऱ्याला वळसा घालून त्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

कोरडे दचकले. "तू? कधी आलीस?"

"मघाशी."

कोरड्यांनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "म्हणजे ऐकलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"माझे कान चांगले आहेत," काकू म्हणाल्या. "हे घरी बोलायला काय झालं होतं तुम्हाला? मी दोन दिवस जीव टांगून बसलेय. मी फोन ठेवला तर म्हणे 'बरं'!"

कोरडे खाली बघू लागले, पण खाली बघितलं तर तिचं बोलणं दिसणार नाही, म्हणून पुन्हा वर बघितलं. "मला वाटलं, कंटाळलीस. इतकी वर्षं माझे कान होऊन बसलीयेस. एक दिवस सुटावंसं वाटलं असेल, तर अडवायचं कशाला? म्हणून बरं म्हटलं."

काकूंनी नवऱ्याच्या बाहीवरचं सिमेंट पदरानं झटकलं. डॉक्टरीणबाईंनी उगाचच खुर्चीवरचं प्लॅस्टिक सारखं केलं.

"काकू, मी अट मागे घेते," त्या म्हणाल्या. "आणि ह्यापुढे भिंतीला भिंतच म्हणेन."

तेवढ्यात पिशवीत फोन वाजायला लागला. डॉक्टरीणबाईंना ऐकू आला, बाहेर रिसेप्शनच्या बाईंना ऐकू आला. कोरडे बायकोच्या तोंडाकडे बघत उभे. काकूंनी पिशवीत हात घातला आणि फोन काढला.

"हं, बोला! कोण, निळं फाटक? बोला सर. हो, हे आहेत ना, इथेच आहेत. काय होतंय?"

बोलता बोलता त्या कोरड्यांच्या समोर सरकल्या, उजेड तोंडावर पडेल अशा बेतानं. आणि प्राध्यापक पलीकडून जे सांगत होते, ते एकेक वाक्य मोठ्यानं, सुटं सुटं म्हणू लागल्या. "गरम पाणी येत नाही. कालपासून. बटण लावलं की टकटक आवाज. खाली थेंब नाहीत." कोरडे मान हलवत होते.

"काकू," प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही माझं सगळं परत का म्हणून दाखवताय?"

"ह्यांना ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. "हं, बोला पुढे."